बाईने चालवली म्हणून

रत्नप्रभा भुवडला आयुष्यात कोण काय बोललं नाही? महापालिकेच्या प्रसूतिगृहात सत्तावीस वर्षं आया म्हणून राबली. तिथे नर्सची बोलणी खाल्ली, पेशंटच्या सासवांची खाल्ली. एकदा तर जुळं झालं म्हणून एका बापाने तिलाच झापलं, जणू एक पोर हिनेच जास्तीचं आणून ठेवलं होतं. सगळं ऐकलं आणि सोडून दिलं. पण ‘गाडी बाईने चालवली म्हणून बिघडली’ हे वाक्य काही तिने सोडलं नाही. का सोडावं? तुम्ही सोडलं असतं?

आधी ती गाडी कशाला घेतली ते ऐका. रत्नप्रभा आणि तिचा नवरा काशीराम चारकोपला सेक्टर दोनमध्ये बैठ्या घरात राहतात. काशीराम तरुणपणी गिरणीत बदली कामगार होता. गिरणी गेली तसा चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला लागला आणि तिथूनच रिटायर झाला. चार वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय अधू झाला, जीभ जड झाली. एक वाक्य बोलायचं तर तीनदा थांबायचा. पण खेडकडचं गाव काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. तिथे शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. काशीरामने चाळीस वर्षं ती पालखी खांद्यावर नाचवलेली. आता गेली चार वर्षं त्यांचं घर शिमग्याला बंद. पालखी बंद दारासमोर येते, घटकाभर थांबते, नारळ नाही, ओटी नाही, तशीच पुढच्या घरी जाते. चुलतभाऊ त्याचा व्हिडिओ पाठवतो, कशाला पाठवतो देव जाणे. काशीराम तो दहादहा वेळा बघतो आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

एसटीची पायरी त्याला चढवत नाही. भाड्याची गाडी एकदा करून झाली. काशीरामला तासातासाला उतरवावं लागतं, धरून न्यावं लागतं, परत बसवावं लागतं. पेण येईपर्यंत त्या ड्रायव्हरने असं काही तोंड वाकडं केलं, की काशीराम स्वतःच म्हणाला, ‘परत... फिरव.’ त्या दिवशी रत्नप्रभाने ठरवलं. दुसऱ्याच्या मेहरबानीवर नाही जायचं. वयाच्या छपन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. बरोबर शिकायला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी. त्या दोनदोनदा नापास झाल्या, ही पहिल्या फटक्यात पास. लायसन्स घरी आलं तेव्हा तिने ते देवापुढे ठेवलं, आणि मग शेजारपाजारी सगळ्यांना दाखवून आली.

आता गाडी. नवी परवडणारी नव्हती, जुनी घ्यायची ठरली. आणि इथेच माशी शिंकली. कारण काशीराम म्हणाला, गाडी घ्यायची तर चंद्रप्रकाशकडून.

चंद्रप्रकाश घाग म्हणजे त्यांचा गाववाला. राहतो बोरिवलीला, जुन्या गाड्या घ्यायच्या-विकायच्या हा त्याचा धंदा. वर गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचा खजिनदार. गोड बोलणं इतकं, की ऐकणाऱ्याला साखरेचा त्रास व्हावा. त्याच्याकडे एक चंदेरी, छोटी, दहा वर्षांची पेट्रोल गाडी होती. ‘वहिनी, डॉक्टरने वापरलेली आहे. क्लिनिक ते घर, घर ते क्लिनिक. झकास आहे एकदम.’

रत्नप्रभा काही दूधखुळी नव्हती. इस्टेटमध्ये माणिकचं गॅरेज आहे, माणूस सरळ. ती म्हणाली, घ्यायच्या आधी माणिकला दाखवूया. झालं! काशीरामने डोळे वटारले. ‘गाववाल्याची गाडी... मेकॅनिकला दाखवायची? उद्या मंडळात... तोंड कसं दाखवू?’ आता ह्यावर काय बोलणार? कोकणातल्या माणसाला ही एक खोडच आहे. परक्याकडून भोपळा घेताना नखं लावून बघतील, पण गाववाल्याकडून विहीर घ्यायची तरी आत पाणी आहे का म्हणून वाकून बघणार नाहीत. वाकलं तर त्याचा अपमान. रत्नप्रभाही त्यातलीच. गप्प बसली.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी दारात आली. तिने चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला आणि बॉनेटवर हळदकुंकू लावायला बोट टेकवलं तर बोट पोळलं. गाडी अर्धा तास सावलीत उभी होती. तिने चंद्रप्रकाशकडे बघितलं. तो म्हणाला, ‘आत्ताच जरा पुढे-मागे केली वहिनी, पार्किंगसाठी.’ पुढे-मागे करून इंजिन एवढं तापतं होय? तिला ते खटकलं होतं. पण सणाचा दिवस, पेढ्याचा बॉक्स उघडलेला, काशीराम खुर्चीत बसून चार वर्षांत पहिल्यांदा हसत होता. अशा वेळी शंका काढणारी बाई अपशकुनी ठरते. तिने शंका गिळली आणि पेढा खाल्ला.

डिसेंबर बरा गेला. ती रोज थोडी थोडी चालवायची. मार्केट, काशीरामची फिजिओथेरपी, कांदिवलीला मुलीकडे. अक्षता, तिची मुलगी, आधी आईच्या शेजारी बसायला घाबरायची. आठवड्याभरात मोबाईल बघत बसायला लागली. जानेवारी लागला आणि सकाळी गाडी चालू केली की मागून निळा धूर निघायला लागला. असा धूर, की समोरचे काका खिडकी लावून घ्यायचे. मग इंजिनमधून टकटक आवाज. मग तेल कमी. भरलं की आठवड्यात परत कमी. आणि एक दिवस, भर सकाळी, उड्डाणपुलाच्या चढावर गाडीचा दमच गेला. ॲक्सिलरेटर दाबला तरी पुढे सरकेना, लाल दिवा लागला आणि गाडी बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक बाईकवाला काचेजवळ येऊन म्हणाला, ‘आंटी, नहीं आता तो घर पे बैठो ना!’

आंटीने काय केलं? आंटीने हँडब्रेक लावला, इंडिकेटर लावले, खाली उतरून त्या बाईकवाल्याला म्हणाली, ‘धक्का मार. बोलायला तोंड आहे तर हातपण असतील.’ आणि मारला की त्याने धक्का! गाडी कडेला लागली. काशीराम त्या दिवशी गाडीत नव्हता एवढं नशीब.

तिने तिथूनच चंद्रप्रकाशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. हसला हो! म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का? लेडीजना सवय असते. इंजिन लोड घेतं मग. मी दिली तेव्हा गाडी टकाटक होती, दादा साक्षीला आहेत.’

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. आठ दिवसांत ही बातमी बोरिवलीपासून गावापर्यंत पोचली. रत्नावहिनीने गाडीची वाट लावली. मानखुर्दवरून तिच्या बहिणीचा फोन, ‘अगं, ह्या वयात कशाला नसते धंदे?’ गावावरून जावेचा फोन, ‘बाय, इंजिन जाळलंस म्हणे?’ आणि घरात काशीराम. खुर्चीत बसून, टीव्हीकडे बघत, हळूच म्हणाला, ‘तू पहिल्या गिअरमध्ये... जरा ताणतेसच.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, आणि हा तिला गिअर शिकवणार! पण खरं सांगायचं तर राग कमी आणि धास्ती जास्त. कारण मग तिलाच वाटायला लागलं, खरंच आपलंच चुकत असेल का? रात्री पडल्या पडल्या डावा पाय हलवून बघायची. क्लच दाबला, सोडला, दाबला, सोडला. शिमगा दीड महिन्यावर आलेला. गाडी दारात मेलेली. पालखी ह्या वर्षीही बंद दारावरून जाणार, आणि ह्या वर्षी दोष तिच्या पायाचा.

शेवटी टोइंग करून गाडी माणिककडे नेली. माणिकने इंजिनखालचा बोल्ट काढला, तेल भांड्यात सोडलं आणि खाली बसून बघत राहिला. तेल कसलं, काकवी होती ती. धारच तुटेना.

‘मावशी, हे तेल तुम्ही टाकलंत?’

‘मी टाकलं ते तू दिलेल्या डब्यातलं. पाव-अर्धा लिटर, वरचेवर.’

‘मग मूळचं हे आहे. हे ट्रकचं जाड तेल. पिस्टनच्या रिंगा घासल्या, इंजिन धूर मारायला लागलं, की असलं तेल भरतात. दोन-तीन महिने धूर दबतो, आवाज दबतो. गाडी विकून होते. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास चालू करून तापवून ठेवतात, म्हणजे स्टार्ट करताना काही कळत नाही.’

रत्नप्रभाला बोट पोळलेलं आठवलं. ती म्हणाली, ‘पण माझा क्लच? लोक म्हणतात मी क्लच...’

‘इंजिन उतरवू दे, मग सांगतो,’ माणिक म्हणाला. चार दिवसांनी इंजिन खाली उतरवल्यावर तिला बोलावून घेतलं आणि क्लचची प्लेट तिच्या हातात दिली. ‘ही बघा. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याची प्लेट जळून काळी पडते. ही साफ आहे. आणि रिंगा घासायला वर्षं लागतात मावशी, तुमच्या सातशे किलोमीटरने काय होतंय? ज्याने तुम्हाला हे सांगितलं त्याला माझ्याकडे पाठवा. तुमचा पाय हलका आहे.’

साठीला आलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत गॅरेजमध्ये, ग्रीस आणि टायरांच्या मध्ये उभ्या उभ्या पाणी आलं. तिने पदराने प्लेट पुसली, डोळे नाही. आणि म्हणाली, ‘मला हे तेल बाटलीत भरून दे.’

पुढच्या रविवारी मंडळाची मीटिंग होती, शिमग्याच्या तयारीची. बोरिवलीला एका सोसायटीच्या ऑफिसात, पहिल्या मजल्यावर. मीटिंगला पुरुष पुढे खुर्च्यांवर बसतात, बायका मागे सतरंजीवर. बायकांनी चहा द्यायचा आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. काशीराम जाऊ नको म्हणत होता. ‘आपसात... मिटवू.’ ती म्हणाली, ‘बदनामी आपसात केली होती का?’ आणि त्याला धरून, एकेक पायरी चढवत घेऊन गेली.

पालखीचे मानकरी ठरले, गाड्यांचं ठरलं, आणि अध्यक्ष म्हणाले, ‘आणखी काही विषय?’ तशी रत्नप्रभा मागून उठली, खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली आणि खजिनदारापुढच्या टेबलावर ती बाटली ठेवली. शेजारी क्लचची प्लेट. माणिकने जे जे सांगितलं ते सगळं तिने सांगितलं, एक शब्द न चुकता. आवाज चढवला नाही. प्रसूतिगृहात आरडाओरडा करणाऱ्या सासवांना ती ज्या आवाजात गप्प करायची, तोच आवाज. मग म्हणाली, ‘मला बाकी काही नको. चंदूभावजींनी इथे, सगळ्यांसमोर सांगावं, की गाडी रत्नप्रभाने बिघडवली नाही. ती बिघडलेलीच होती, आणि त्यांना ते माहीत होतं.’

चंद्रप्रकाशचा चेहरा पडला. अध्यक्ष म्हणाले, ‘वहिनी, हा विषय इथला नाही, गावची शोभा...’ ती म्हणाली, ‘माझी शोभा चालली होती तेव्हा कुठे होतात?’ मग चंद्रप्रकाशला काय वाटलं कोण जाणे, तो एकदम उठला.

‘मी काही लपवलेलं नाही. मी काशीदादांना सांगितलं होतं. फोनवर. म्हटलं, दादा, इंजिन थकलंय, जवळपास फिरवायला ठीक, लांब नेऊ नका. विचारा त्यांना. दादा, सांगितलं होतं की नाही?’

सगळ्या माना काशीरामकडे वळल्या. रत्नप्रभाचीही. काशीराम दोन्ही हात काठीवर ठेवून बसला होता. त्याने वर बघितलं नाही. आणि मग तो बोलला. चार वर्षांत ज्याला एक वाक्य धड आलं नव्हतं तो माणूस, कुठेही न अडखळता बोलला.

‘मला वाटलं, ही कुठे गावापर्यंत नेणार? चारकोपातच फिरवील.’

आणि खोलीतले पुरुष हसले. मोठ्याने नाही, वाईट मनाने नाही असंही कोणी म्हणेल. पण हसले. विषय संपला म्हणून सुटल्यासारखे हसले. सतरंजीवरच्या बायका मात्र खाली बघत राहिल्या.

म्हणजे ह्याला माहीत होतं! ती पहाटे उठून पार्किंगचा सराव करत होती तेव्हा माहीत होतं. ती नकाशावर पोलादपूर, खेड बोट ठेवून दाखवत होती तेव्हा माहीत होतं. सगळी दुनिया तिला नावं ठेवत होती, आणि हा खुर्चीत बसून गिअर शिकवत होता. तिच्या जिभेवर नाही नाही ते आलं. पण तिने बाटली पिशवीत टाकली, प्लेट पिशवीत टाकली, एवढंच म्हणाली, ‘हसून झालं? चला.’

आणि त्याला जिन्यावरून उतरवायचं कोणी? तिनेच. अंगाचा नुसता भडका उडालेला आणि हात त्याच्या काखेत. सोडला असता तर पडला असता. सोडला नाही. ह्याला म्हणतात लग्न! बायकांनी करायचं काय?

घरी आल्यावर मात्र तिने त्याला सोडलं नाही. ‘का? का नाही सांगितलंत?’

‘चंदूला... वाईट वाटलं असतं.’

‘आणि मला?’

काशीरामने टीव्हीकडे तोंड फिरवलं. जीभ परत जड झाली होती.

दोन दिवसांनी चंद्रप्रकाशने इंजिनच्या कामाचे पैसे पाकिटातून पाठवले. तिने घेतले. का नाही घ्यायचे? माणिकने इंजिन पूर्ण खोलून बांधलं. म्हणाला, नव्याने बांधलेलं इंजिन आहे, आधी पाचशे किलोमीटर सावकाश चालवा, मग ते मोकळं होईल. मग काय, ही रोज पहाटे एकटी निघायची. गोराई जेट्टीपर्यंत जाऊन यायची. मानखुर्दला बहिणीच्या दारात जाऊन हॉर्न वाजवून आली. काशीरामशी कामापुरतं बोलायची. गोळ्या घेतल्या का, आंघोळीला चला. अक्षताने विचारलंच, ‘आई, एवढं झाल्यावर बाबांना कशाला नेतेस?’

‘त्यांच्यासाठी कोण नेतंय? पालखी माझ्याही दारात येते.’

शिमग्याच्या आदल्या दिवशी पहाटे तिघं निघाले. काशीराम सवयीने पुढचं दार उघडायला गेला. रत्नप्रभा म्हणाली, ‘मागे.’ अक्षता पुढे बसली. पनवेल गेलं, पेण गेलं, माणगाव गेलं. दर तासाला ती थांबत होती, त्याला उतरवत होती, बसवत होती. तोंड वाकडं केलं नाही, पण बोललीही नाही. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. पोलादपूर मागे पडलं तशी अक्षता म्हणाली, ‘आई, बोगदा लागेल आता. दहा मिनिटांत पलीकडे.’

रत्नप्रभाने गाडी जुन्या रस्त्याला घातली. कशेडी घाटाच्या.

‘अगं, बोगदा सोडून घाटातून कशाला?’

‘घाटातूनच जायचं.’

पहिलं वळण तिने दुसऱ्या गिअरमध्ये घेतलं, दुसरं घेतलं. डाव्या हाताला दरी, समोरून ट्रक. तिला काशीरामचा चेहरा बघायचा होता. हे सगळं ज्याला दाखवायचं होतं तो काय करतोय म्हणून तिने आरशात बघितलं, तर काशीराम मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून, घोरत होता. लहान पोरासारखा गाढ. हिला गाडी चारकोपाबाहेर नेता येणार नाही म्हणणारा माणूस, कशेडी घाटात, हिच्या गाडीत घोरत होता! एवढा भरवसा होता तर तेव्हा कुठे शेण खायला गेला होता?

तिने रुंद जागा बघून चढावरच गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. खाली उतरली, मागचं दार उघडलं आणि त्याचा खांदा गदागदा हलवला. ‘उठा!’

काशीराम दचकून जागा झाला. इकडे तिकडे बघत म्हणाला, ‘काय झालं? बंद... पडली?’

‘नाही पडली. ऐका. चालू आहे इंजिन.’

तो ऐकत राहिला. समोर खाली पोलादपूरची वळणं, वर घाट. हळूहळू त्याला कळलं आपण कुठे आहोत ते. बोगद्यात नव्हे, घाटात. तोंड वेडंवाकडं झालं त्याचं, डोळे भरून आले. ‘रत्ना... चुकलं... माझं.’

‘हे इथे नको. दरीला सांगून काय उपयोग? उद्या पालखी दारात आली, की सगळे असतील. अध्यक्ष असतील, चंदू असेल, हसणारे सगळे असतील. त्यांच्यासमोर सांगायचं, गाडी कोणी आणली. घाटातून कोणी आणली.’

‘सांगतो.’

‘मोठ्याने सांगायचं. जीभ जड आहे ते चालणार नाही. मंडळात नव्हती जड.’

तिने दार लावलं, पुढे येऊन बसली. मागून एक ट्रक चिकटून येऊन उभा राहिला होता. तिने गिअर टाकला, क्लच सोडत सोडत हँडब्रेक खाली घेतला, आणि गाडी चढावर बोटभरही मागे न जाता पुढे निघाली. मागे काशीराम सरळ बसला होता, डाव्या हाताने पुढची सीट धरून, डोळे टक्क उघडे ठेवून, आणि ओठांतल्या ओठांत उद्या सांगायचं ते एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.